‘गोंधळ’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

भाषांतराच्या कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. एका सकाळी इंग्लंडमधल्या एका ग्राहकाला मी मेल केली: ‘देअर इज टोटल केऑस इन अवर ऑफिस, सो द फाइल विल बी लेट.’ झालं होतं एवढंच, की एकाच नावाच्या दोन फायली होत्या आणि त्यातली जुनी तपासायला गेली होती. पाच मिनिटांत त्याचा फोन. सगळे सुखरूप आहात ना? आग वगैरे लागली का? मी खुर्चीतच ओशाळलो. माझ्या मनात होतं ‘ऑफिसात जरा गोंधळ झालाय’. त्याच्या कानावर पडलं ‘ऑफिसात हाहाकार माजलाय’.

ही चूक इंग्रजीची कमी आणि मराठीची जास्त होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ‘गोंधळ’ हा शब्द आपण पोत्यासारखा वापरतो, हाताला लागेल ते त्यात कोंबतो. खरं तर लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो तो किती शिस्तीत असतो! चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळाचा ठेका धरलेला आणि गोंधळी एकेका दैवताला नाव घेऊन बोलावतोय. रोजच्या बोलण्यात मात्र किल्ली सापडत नाही तोही गोंधळ, सभागृहात कागद फाडले तोही गोंधळ आणि गणिताचं उदाहरण कळलं नाही तोही गोंधळच. शब्दकोश उघडला की समोर ‘कन्फ्यूजन’ येतं, आपण ते उचलतो आणि फसतो.

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी म्हणून ही वाट लिहून ठेवतोय. पायऱ्या क्रमानेच चढा, निदान पहिली तरी गाळू नका.

पायरी १: ‘गोंधळ’ बाजूला ठेवा

वाक्य इंग्रजीत नेण्याआधी ते मराठीत नेमकं करून घ्या. नक्की काय विस्कटलंय ते स्वतःला विचारा. डोकं, वस्तू, माणसं की कारभार? मराठीकडे प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. खोलीत असतो तो पसारा. दोऱ्याचा होतो तो गुंता. हिशेबात होतो तो घोळ. शाळा सुटल्यावर होतो तो गलका. पहिल्या पावसात वाहतुकीचा उडतो तो बोजवारा. आणि परीक्षेच्या दारात हॉलतिकीट सापडेना झालं की आपली उडते ती तारांबळ.

तारांबळीवरून आठवलं. मंगलाष्टकांच्या शेवटी ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ ऐकू आलं की मांडवात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या लोकांच्या हातात अक्षता नसतात, मामा अंतरपाटाशी सरसावलेला असतो, वाजंत्रीवाले हात उचलून तयार असतात आणि नेमका कुणीतरी हार विसरलेला असतो. तारांबळ हा शब्द त्या ‘ताराबलं’मधूनच आला. अशा माणसाला इंग्रजीत ‘फ्लस्टर्ड’ म्हणतात. त्याला सगळं कळत असतं, फक्त घाईत काही सुधरत नसतं. म्हणून तो ‘कन्फ्यूज्ड’ नव्हे.

एवढं साधलं की पुढचं काम सोपं होतं.

पायरी २: डोक्यातला गोंधळ

आपल्या माणसांच्या सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ याचा अर्थ ‘मी लोकांना गोंधळात पाडणारा माणूस आहे’ असा होतो. ते खरं असेलही, पण मुलाखतीत सांगू नका. खूण सोपी आहे: गोंधळात पाडतं ते ‘कन्फ्यूजिंग’, गोंधळात पडतो तो ‘कन्फ्यूज्ड’. ‘द फॉर्म इज कन्फ्यूजिंग, सो आय ॲम कन्फ्यूज्ड.’ बोरिंग आणि बोअर्ड, टायरिंग आणि टायर्ड यांनाही हीच खूण लावा.

‘माझं कन्फ्यूजन झालं’ हे आपलं घरचं वाक्य, मराठीत ते अगदी बरोबर आहे. ते जसंच्या तसं उचलून ‘माय कन्फ्यूजन हॅपन्ड’ किंवा ‘आय हॅव कन्फ्यूजन’ करू नका. ‘आय गॉट कन्फ्यूज्ड’ म्हणा. ‘मेनी कन्फ्यूजन्स’ही टाळा, ‘अ लॉट ऑफ कन्फ्यूजन’ पुरे. आणि वर्गात हात वर करून ‘आय हॅव अ डाउट’ म्हणायची आपली सवय भारतात चालून जाते. बाहेरच्या माणसाला मात्र ‘मला तुमच्या म्हणण्याचा भरवसा वाटत नाही’ असं ऐकू येऊ शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’.

दोन गोष्टींत गल्लत झाली तरी हेच क्रियापद लागतं: ‘आय कन्फ्यूज्ड यू विथ युअर ब्रदर.’ म्हणजे मी तुम्हालाच तुमचे भाऊ समजलो. इथे शब्दाचं मूळ उघडं पडतं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘एकत्र ओतणं’ असा होता. दूध आणि ताक एका पातेल्यात ओतलं की मग कुठलं कुठलं ते सांगता येत नाही, तसं.

कन्फ्यूज्डचे भाऊबंद बरेच आहेत आणि प्रत्येकाचा वकूब वेगळा. ‘पझल्ड’ माणसाला कोडं पडलंय, पण तो अजून विचार करतोय. ‘परप्लेक्स्ड’मध्ये त्या विचाराला थोडी चिंता चिकटते. ‘बॅफल्ड’ माणसाने हात टेकलेत. ‘पोलीस आर बॅफल्ड’ असा मथळा दिसला की समजायचं, तपास जागच्या जागी आहे. माझा लाडका शब्द ‘बिविल्डर्ड’. त्याच्या पोटात ‘वाइल्ड’ म्हणजे रान आहे, रानात वाट चुकवणं हाच त्याचा मूळ भाव. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात ना, रात्रभर चालूनही माणूस त्याच वडाखाली परत येतो, तो बिविल्डर्ड. पहिल्यांदा मुंबईला आलेल्या आणि सीएसएमटीच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्याला दुसरा शब्द नाही.

दोन शब्दांपासून जपून राहा. ‘बिम्यूज्ड’ ऐकायला ‘अम्यूज्ड’सारखा वाटतो, म्हणून लोक त्याचा अर्थ ‘गंमत वाटलेला’ असा करतात. त्याचा मूळ अर्थ ‘बुचकळ्यात पडलेला’. ‘नॉनप्लस्ड’ म्हणजे पुढे काय बोलावं ते न सुचलेला, पण अमेरिकेत बरेच जण तो नेमका उलट, ‘काही फरक न पडलेला’ अशा अर्थाने वापरतात. समोरचा कुठला आहे हे माहीत नसेल तर हा शब्द वापरूच नका.

आणि एक निव्वळ मजेसाठी: ‘डिसकम्बॉब्युलेटेड’. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत थट्टेत घडवलेला शब्द, अर्थ गांगरलेला, भांबावलेला. मिलवॉकीच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी संपली की ‘रिकम्बॉब्युलेशन एरिया’ अशी पाटी दिसते. २००८ साली लावलेली. बूट घाला, पट्टा बांधा, लॅपटॉप पिशवीत टाका आणि पुन्हा माणसात या, असा त्याचा भावार्थ.

पायरी ३: वस्तूंचा पसारा

इथे चार शब्दांत काम भागतं. ‘मेस’ म्हणजे वस्तू जागच्या जागी नाहीत. ‘क्लटर’ म्हणजे वस्तू फार आणि जागा थोडी. घर लखलखीत असूनही क्लटर्ड असू शकतं, शोकेसमधल्या भेटवस्तू आठवा. ‘जम्बल’ म्हणजे नाना तऱ्हेच्या वस्तूंची सरमिसळ आणि ‘टँगल’ म्हणजे गुंता, टीव्हीमागच्या वायरींचा होतो तो.

शिक्षणासाठी पुण्यात राहिलेल्या माणसाला ‘मेस’ म्हटलं की डोळ्यांसमोर पसारा येतच नाही, ताट येतं. आश्चर्य म्हणजे जुना अर्थ तोच आहे! लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द आधी पानात वाढलेल्या पदार्थाला लावत. मग एकत्र जेवणाऱ्या मंडळींना, म्हणून सैन्याची मेस आणि पोरांची मेस. मग कालवलेल्या अन्नाला. ‘पसारा’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. थोडक्यात खानावळ आधी आणि राडा नंतर. महिनाअखेरीला काही मेशींत दोन्ही एकदम पाहायला मिळायचं, ते सोडा.

कालवाकालवीचे शब्द स्वयंपाकघरातूनच येतात असं दिसतं. ब्रिटिशांचा ‘हॉचपॉच’ आणि अमेरिकनांचा ‘हॉजपॉज’ हा मुळात सगळं घालून शिजवलेला रस्सा. आपल्याकडेही खिचडी झाली, भेळ झाली, गोपाळकाला झाला. म्हणजे ‘या सिनेमाच्या कथेची खिचडी झालीय’ असं म्हणायचं असेल तर हॉचपॉच बेलाशक वापरा, चव तीच उतरते.

पायरी ४: माणसांचा गलका

इथे आवाजाची पट्टी सांभाळावी लागते. खाली ‘कमोशन’: काहीतरी झालं, लोक खिडकीत आले. त्याच्यावर ‘रकस’: आरडाओरडा, थोडी ढकलाढकल. मग ‘अपरोर’: संतापाचा गदारोळ. यातला ‘रोर’ डरकाळीचा वाटतो, पण तिचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो डच भाषेतल्या उठाव या अर्थाच्या शब्दावरून आलाय. सगळ्यात वर ‘पॅन्डमोनियम’ आणि ‘बेडलम’.

या दोघांची जन्मकथा माहीत असली की ते कुठे वापरायचे हे चुकत नाही. कवी मिल्टनने १६६७ साली छापलेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये नरकाच्या राजधानीला पॅन्डमोनियम हे नाव दिलं. ग्रीक शब्द जोडून केलेलं, सगळ्या सैतानांचं ठिकाण. तेव्हा वर्गात मुलं बडबडत असतील तर पॅन्डमोनियम नाही. वर्गात माकड शिरलं तर विचार करू.

बेडलमची गोष्ट अशी गमतीची नाही. लंडनमध्ये १२४७ साली सेंट मेरी ऑफ बेथलेहेम नावाचा मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं ‘बेडलम’ झालं आणि तिथल्या दुर्दशेवरून तो शब्द कल्लोळासाठी रूढ झाला. एके काळी लोक तिथे रुग्ण बघायला जात, आपण राणीच्या बागेत जातो तसे. ते रुग्णालय नंतर जागा बदलत गेलं, त्याच्या एका जुन्या इमारतीत आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. शब्द आजही सर्रास चालतो, त्यात गैर मानत नाहीत. मी मात्र रुग्णालयाबद्दलच्या मजकुरात तो कधीच घालत नाही.

‘स्टॅम्पीड’ म्हणजे चेंगराचेंगरी आणि ‘रायट’ म्हणजे दंगल. हे शब्द बातमीचे आहेत, अलंकाराचे नव्हेत. तरी ‘अ रायट ऑफ कलर्स’ म्हणजे रंगांची उधळण आणि ‘ही इज अ रायट’ म्हणजे तो भलता विनोदी आहे. संदर्भ न बघता भाषांतर केलंत तर एका सज्जन विनोदवीराला दंगलखोर करून ठेवाल.

आपल्याकडून तिकडे गेलेला मालही इथेच सापडतो. ‘तमाशा’ हा शब्द इंग्रजी कोशांत आहे, पण लावणी-वगाच्या अर्थाने नव्हे, गाजावाजा आणि गडबड या अर्थाने. आणि ‘बॉबरी’! अँग्लो-इंडियन शब्दांचा यूल आणि बर्नेल यांचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला, त्यात हा दिलाय. अर्थ आरडाओरडा, दंगा. मूळ? आपलं ‘बाप रे!’. साहेबाने ऐकलं आणि शब्द बनवून टाकला. आज तो कुणी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

पायरी ५: कारभाराचा बोजवारा

‘केऑस’ची जागा इथे. उच्चार ‘क’ने सुरू होतो, ‘च’ने नाही. स्पेलिंग बघून ‘चाओस’ म्हणणारे खूप भेटतात. ग्रीक पुराणात हे सृष्टीच्या आधीच्या पोकळीचं नाव. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने त्याच शब्दावरून ‘गॅस’ घडवला, म्हणजे आपल्या ओट्यावरचा गॅस हा केऑसचा धाकटा भाऊ. केऑस म्हणजे कुणाचाच कशावर ताबा उरलेला नाही. ताबा सुटला नसेल तर शब्द वापरू नका, नाहीतर माझ्यासारखा फोन येईल.

कुणी राज्यकर्ताच नाही असं असेल तर ‘ॲनार्की’. ग्रीकमध्ये नकार अधिक राज्यकर्ता, आपल्याकडे अ अधिक राजक. ‘अराजक’ इतका चपखल बसतो, की एकाकडे बघून दुसरा बेतला असावा असं वाटतं.

फसलेल्या बेतासाठी दोन शब्द. ‘फियास्को’ हा इटालियन बाटलीवरून आलेला, नाटकवाल्यांच्या बोलीतून पसरलेला. त्यात हसं होतं. मराठीत फज्जा. ‘डिबाकल’ फ्रेंच, मूळ अर्थ नदीवरचा बर्फ एकदम फुटून सगळं वाहून जाणं. त्यात सर्वनाश आहे. १४ जानेवारी १७६१ नंतर मराठीला त्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. ‘निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं’ यातलं पानिपत म्हणजे डिबाकल. आणि गॅदरिंगमध्ये पडदा उघडलाच नाही, तो फियास्को.

‘शॅम्बल्स’ हा ब्रिटिशांचा आवडता. ‘द मीटिंग वॉज अ शॅम्बल्स.’ शेवटी ‘स’ असूनही मागे ‘अ’ येतो, घाबरू नका. मूळचा हा खाटकाचा बाक. यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची जुनी अरुंद गल्ली आहे, तिथे पूर्वी मांसाची दुकानं होती. मांसाच्या बाकावरून कत्तलखाना आणि तिथल्या राड्यावरून विस्कळीत कारभार.

वाहतुकीसाठी ‘ग्रिडलॉक’ लक्षात ठेवा. एका चौकातल्या गाड्या पुढे जात नाहीत, म्हणून मागचा चौक अडतो, त्याच्यामुळे त्याच्या मागचा. न्यूयॉर्कमधल्या १९८० च्या वाहतूक संपात गाजलेला शब्द, पण पुणेकरांना तो समजावून सांगावा लागत नाही.

पायरी ६: जोडीदार पाठ करा

सुटे शब्द पाठ करून उपयोग नाही. मराठीत धुमाकूळ घालतात आणि बोजवारा उडतो, उलटं केलं की कानाला खटकतं. तसंच तिकडेही. ‘हॅवक’ एकटा फिरत नाही, त्याच्याआधी ‘रीक’ किंवा ‘प्ले’ लागतं: ‘द रेन रीक्ट हॅवक.’ बरेच जण त्याचं ‘रेक्ट’ करतात, ती चूक आहे. हॅवक ही मध्ययुगात सैनिकांना लुटालुटीची मोकळीक देणारी आरोळी होती, म्हणून त्यात नासधूस असतेच. मूल रडत असेल तर तो हॅवक नव्हे.

योजना ‘इन डिसअरे’ असतात. सभा ‘डिसेन्ड्स इंटू केऑस’, म्हणजे घसरत घसरत तिथे पोचते. माणूस ‘डिसऑर्गनाइज्ड’ असतो. ‘अनऑर्गनाइज्ड’ म्हणालात तर आपल्याकडे असंघटित कामगार आठवतात. ‘मेस अप’ म्हणजे बिघडवणं, ‘मेस विथ’ म्हणजे वाटेला जाणं, ‘मेस अराउंड’ म्हणजे टिवल्याबावल्या. आणि ‘अ’चं भान ठेवा: केऑस, क्लटर, हॅवक यांना तो लागत नाही, मेस, मिक्स-अप, फियास्को यांना लागतो.

पायरी ७: ‘डिसऑर्डर’ला हात लावताना

हा शब्द दिसतो साधा, पण आता तो बराचसा डॉक्टरांचा झालाय. ‘ही हॅज अ डिसऑर्डर’ म्हणजे त्याला विकार आहे, त्याची खोली अस्ताव्यस्त आहे असं नव्हे. ‘आउट ऑफ ऑर्डर’ लिफ्टच्या दारावर असेल तर लिफ्ट बंद, कागदांबद्दल असेल तर क्रम चुकला. पण इंग्लंडमध्ये कुणी तुम्हालाच ‘यू आर आउट ऑफ ऑर्डर’ म्हणालं तर तुम्ही मर्यादा ओलांडलीय. तिथे हसून ‘थँक यू’ म्हणू नका.

‘स्नाफू’ हाही दिसतो गोड, पण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांनी बनवलेलं ते लघुरूप आहे आणि त्यातल्या एका अक्षरामागे शिवी आहे. मित्रांत चालेल, साहेबाला नको.

पायरी ८: आता मेल लिहा

कामाच्या ठिकाणी गोंधळाचे शब्द जितके खालच्या पट्टीत तितके बरे. फायली अदलाबदल झाल्या, तारीख चुकली, दोघांना एकच काम दिलं गेलं, या सगळ्याला ‘मिक्स-अप’. एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं ऐकलं, तर ‘मिसअंडरस्टँडिंग’. माफी मागायची तर ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन’. कन्फ्यूजनची खरी हक्काची जागा हीच. आणि लगेच पुढच्या वाक्यात आता काय होणार ते सांगा, नाहीतर समोरचा आणखी ‘कन्फ्यूज्ड’ होतो.

माझी ती मेल आज लिहायची असती तर अशी लिहिली असती: ‘सॉरी, देअर वॉज अ मिक्स-अप विथ टू फाइल्स. यू विल हॅव द राइट वन बाय फोर ओ’क्लॉक.’ गेल्या महिन्यात पुन्हा तसंच झालं, फायली वेगळ्या, घोळ तोच. हेच लिहून पाठवलं. या वेळी फोन आला नाही. दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘नो वरीज.’